खवय्याच्या ताटाची मोजणी : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

कामाचा आराखडा ठरला. एका खवय्याचं आयुष्य त्याच्या घरच्या जेवणांतून मांडायचं: तान्हेपणीची पेज, शाळकरी वयातलं दही, एकट्यानं राहताना शिजवलेला भात, सुट्टीच्या दिवशीचा राजमा, घरचा पाव, वीस माणसांचं जेवण आणि शेवटी दात नसतानाचं मऊ ताट. पानावर आठवणी लिहायच्या नाहीत, त्या घरातले आपापल्या जोडतील. ज्यानं तो पदार्थ कधी चाखलेला नाही त्यालाही तो हुबेहूब करता यावा, एवढंच पानाकडून हवं आहे.

अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. घरच्या वहीत 'दोन वाट्या पीठ, चवीपुरतं मीठ, मावेल तेवढं पाणी' असं लिहिलेलं आहे. ज्या वाटीवर ही सगळी वही उभी आहे ती वाटी आता घरात नाही. तिच्या जागी आलेली वाटी काठोकाठ भरली की २०४ ग्रॅम पाणी धरते. जुनी लहान होती एवढं सगळ्यांना आठवतं, पण किती लहान ते कुणालाच नाही.

दोन काटे घेतले: एक ५ किलोचा, १ ग्रॅम अचूकतेचा आणि दुसरा ५०० ग्रॅमचा, ०.१ ग्रॅमचा. मीठ, यीस्ट आणि मसाले मोठ्या काट्यावर तोलू नयेत. ३ ग्रॅमच्या वस्तूत १ ग्रॅमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा. थर्मामीटर तपासायला पेलाभर बर्फाचा चुरा घेऊन तो जेमतेम बुडेल एवढं पाणी घातलं आणि ढवळून दोन मिनिटं थांबलो. ०° दिसायला हवं होतं, १.५° दिसलं. तेवढं प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. उकळत्या पाण्यावर तपासायचं तर समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत हवी, कारण दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण १° खाली येतो.

५ जानेवारी

चमचे तोलले. खणात 'चहाचा चमचा' म्हणवणारे चार निघाले, त्यांत अनुक्रमे ३.८, ५, ६.५ आणि ८ मिली पाणी मावतं. बारीक मीठ ५ मिलीत सुमारे ६ ग्रॅम बसतं. जाडं, पोकळ खड्यांचं मीठ त्याच चमच्यात ३ ते ४ ग्रॅमच भरतं. म्हणजे 'एक चमचा मीठ' या एका ओळीत तिप्पट-चौपट फरक लपलेला आहे.

पिठाची वाटी चाळणीतून भरली तर हलकी, डब्यात खुपसून भरली तर जड. २४० मिलीच्या कपात एकदा १२१ ग्रॅम आलं, एकदा १५२. शिगेची वाटी आणि सपाट वाटी हा घोळ आणखी वेगळा. यापुढे वाटी फक्त पाण्यादुधाला, बाकी सगळं ग्रॅममध्ये.

८ जानेवारी

मोजण्याची पद्धत बदलली. आधी मीठ काट्यावरच्या छोट्या वाटीत काढायला सांगत होतो. काटा दिसला की हात आखडतो. रोज १२ ग्रॅम घालणारा हात काट्यासमोर ८ वर थांबला आणि भाजी अळणी झाली. आता उलटं करतो. मिठाचा डबा, तेलाची बुधली, मसाल्याचे डबे सगळं आधी तोलून ठेवायचं, स्वयंपाक नेहमीसारखा होऊ द्यायचा, मग पुन्हा तोलायचं. फरक म्हणजे हाताचं खरं माप. एकाच पदार्थाच्या किमान तीन फेऱ्या घ्यायच्या आणि मधला आकडा धरायचा.

घरातल्या आजींचं म्हणणं, हात सांगतो ते काट्याला काय कळणार. बरोबरच आहे, म्हणून हातालाच काट्यावर धरलं, काट्याला हातावर नाही. चिमूट दहा वेळा तोलली. दोन बोटांची ०.२ ते ०.३ ग्रॅम, तीन बोटांची ०.४ ते ०.६. दोन्हींना वहीत एकच शब्द आहे.

११ जानेवारी: पेज

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी. तांदूळ २० ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम, झाकण तिरपं, मंद उकळीवर २८ मिनिटं, मग चाळणीतून. गॅसवरून उतरवताना पातळ वाटते, ४०° ला येईस्तोवर बरीच घट्ट होते. म्हणून दाटपणा खायच्या तापमानाला पाहायचा, पातेल्यात नाही. चमचा तिरपा केला की गोळा सावकाश घसरला पाहिजे.

पानावर ठळक: पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. मध शिजवून घातला तरी भरवसा नाही, घरच्या उकळीनं बीजाणू मरत नाहीत. वेगळं मीठ आणि साखरही या वयात नको. नुसत्या तांदळाच्या पेजेत लोह फार कमी असतं, तेव्हा मऊ शिजवून घोटलेली डाळ तिच्यात मिसळायची. तीही त्याच पानावर लिहिली.

१८ जानेवारी: दही, पहिली फेरी

जुन्या वहीत एकच ओळ आहे: 'कोमट दुधाला विरजण लावावे.' हे कोमट कुणाचं? तीन जणांना बोट बुडवून 'हं, आता' म्हणायला लावलं. तिघं ३७°, ४४° आणि ४९° वर म्हणाले.

१ लिटर दूध ८५° पर्यंत तापवून तिथेच २० मिनिटं धरलं. हे जंतू मारण्यापुरतं नाही. ७०° च्या वर दुधातली निवळीची प्रथिनं उलगडतात, केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि जाळं पाणी धरून ठेवतं. पाश्चराइज केलेलं दूध नुसतं ४३° ला कोमट करून लावलेली जोडफेरीही ठेवली. सकाळी तेही लागलेलं होतं, पण चमचा घालताच ढासळलं आणि वाटीत निवळी साचली.

१९ जानेवारी: दही, दुसरी फेरी

सगळीकडे तेच दूध, विरजण २० ग्रॅम, तापमान तेवढं बदललं. ४३° ला लावून तिथेच धरलं तर साडेपाच तासांत घट्ट. २८° ला लावलेलं अकरा तासांनी लागलं, चव सौम्य, थोडी तार. ६२° ला लावलेलं सकाळी दूधच होतं, कारण विरजणच मेलं. दह्यातली मुख्य जोडी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस. दुसरा जंतू १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन वैद्यानं शोधला. दोघांना चाळिशीतली ऊब मानवते, साठीची नाही. घरच्या विरजणात यांच्याखेरीज आणखीही पाहुणे असतात, म्हणून दोन घरांचं दही एकसारखं लागत नाही.

विरजण चौपट, ८० ग्रॅम घातलं तेव्हा दही लवकर लागलं खरं, पण रवाळ, आंबट, आणि वर पाणी सुटलेलं. 'जास्त घातलं की घट्ट होतं' हा समज इथे मोडला. लागत असताना भांडं हलवलं तरी पाणी सुटतं. मध्येच झाकण उघडून बोट लावून पाहणाऱ्यांसाठी हे पानावर घातलं आहे. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ च्या आसपास आलं की केसिन जमतं. तिथून पुढे उबेत ठेवलेला प्रत्येक तास आंबटपणात जातो, घट्टपणात नाही. लागलं की लगेच थंडीत.

पानावर 'कोमट' खोडून लिहिलं: ४३°. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट दहा आकडे मोजेपर्यंत बुडवता यावं, पण गरम लागावं.

१ फेब्रुवारी: भात

एकट्याचा, २०० ग्रॅमचा. तांदूळ स्वतः पितो ते पाणी आणि वाफेनं जातं ते पाणी वेगळं मोजलं. झाकण, पातेलं आणि भात तोलून वजाबाकी केली. हा तांदूळ १०० ग्रॅमला १४० ग्रॅम पाणी पितो. याच पातेल्यातून वीस मिनिटांत वाफेनं १२० ग्रॅम जातं, तांदूळ कितीही असो. म्हणजे २०० ग्रॅमला ४००. हेच ते घरोघरचं 'एकास दोन'. हा आकडा मार्चमध्ये कामाला येणार आहे.

८ फेब्रुवारी: राजमा

सगळ्यात जास्त वाद या पानावर झाले, म्हणून सगळ्यात जास्त फेऱ्याही इथेच.

२५० ग्रॅम कोरडा. बारा तासांनी निथळून ५१५ ग्रॅम. भिजलेला दाणा दोन बोटांत दाबून उभा चिरला. मध्ये पांढुरका कोरडा ठिपका दिसला तर भिजणं अपुरं आहे.

घरचा दावा, मीठ आधी घातलं की शिजत नाही. दोन वाटे केले, एक साध्या पाण्यात, दुसरा लिटरला १५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात. दोन्ही निथळून, धुऊन, सारख्या पातेल्यांत शिजवले. मिठाच्या पाण्यातला दहा मिनिटं आधी मऊ झाला आणि सालं फुटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं. सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना जोडणाऱ्या चिकट द्रव्याला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आवळून धरतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, मग साल सैल पडते. जड पाण्यात राजमा शिजत नाही तेही याच कॅल्शियममुळे.

खरा दोषी आंबट. टोमॅटो सुरुवातीलाच घातलेल्या पातेल्यात दीड तासानंतरही दाण्याला कणी होती, कारण आम्लात पेक्टिन विरघळत नाही. टोमॅटो दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच. बहुधा टोमॅटोचं खापर वर्षानुवर्षं मिठावर फुटत आलं, कारण दोन्ही एकदमच पडायचे.

सोडा: लिटरला १ ग्रॅमनं वेळ तिसऱ्या हिश्शानं कमी झाला. ४ ग्रॅमला सालं गळून लगदा, चवीला साबण, आणि वर बी-१ जीवनसत्त्वाचा नाश. जुना, दमट उष्ण जागी राहिलेला राजमा असेल तरच चिमूटभर सोडा, नाहीतर नको.

सुरक्षेची चौकट, पानाच्या डोक्यावर: राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचं, मगच आच कमी. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नये. ७५–८०° ला हे विष जात नाही, उलट कच्च्यापेक्षा वाढलेलं आढळलं आहे. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा उलट्या करवतात.

९ फेब्रुवारी

हाच राजमा प्रेशर कुकरमध्ये. झाकणबंद दाबाखाली शिजवण्याचं यंत्र देनी पापँ यांनी १६७९ मध्ये दाखवलं, मूळ हाडं मऊ करायला. १ बार जादा दाबाला आत सुमारे १२०° असतं. भिजलेला राजमा पूर्ण दाबावर १४ मिनिटं, मग दाब आपोआप उतरू दिला. झटकन दाब सोडला तर दाण्याच्या आतलं पाणी उसळून सालं फाटतात. कुकर निम्म्याच्या वर भरू नये, फेस वाफेच्या तोंडात अडकतो. 'तीन शिट्ट्या' हे माप बाद केलं. आच मोठी असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, लहान असेल तर अकरा.

२२ फेब्रुवारी: पाव

पीठ ५००, पाणी ३२५, मीठ १०, झटपट यीस्ट ५. पीठ शंभर धरून पाणी ६५ टक्के, मीठ २, यीस्ट १. चोकरासकट पीठ असेल तर पाणी ७२ टक्क्यांपर्यंत न्यावं लागलं, कोंडा पाणी पितो पण सावकाश. मळून २० मिनिटं झाकून ठेवल्याशिवाय पिठाचा अंदाज घ्यायचा नाही.

तक्रार अशी की हिवाळ्यात हाच पाव दगड होतो आणि उन्हाळ्यात फुगून बसतो. कृती तीच असते, गोळ्याचं तापमान तेवढं बदललेलं असतं. गोळा मळून झाल्यावर २६° हवा. हिशेब: २६ गुणिले ३ म्हणजे ७८, त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि हातानं मळल्यानं चढणारे साधारण २° वजा; उरेल ते पाण्याचं तापमान. खोली ३०°, पीठ २९° असेल तर पाणी १७°. खोली १७°, पीठ १८° असेल तर ४१°. वहीत दोन्ही दिवसांना 'कोमट पाणी' होतं. कोमट या शब्दानं या प्रकल्पात दुसऱ्यांदा दगा दिला.

एका फेरीत मीठ राहिलं. गोळा भराभर फुगला, हाताला चिकटत राहिला, पाव फिका आणि बेचव. मीठ यीस्टला लगाम घालतं आणि ग्लुटेन, म्हणजे पिठातलं चिवट प्रथिनांचं जाळं, आवळतं, चव हे त्याचं तिसरं काम.

फुगणं घड्याळावर सोडू नये. पीठ लावलेलं बोट एक पेरभर खुपसायचं. खड्डा झटकन भरला तर थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर भट्टीत, भरलाच नाही तर वेळ टळली. २२०° ला ३५ मिनिटं. आतलं तापमान ९४–९६°. गरम असताना कापला की आतून कच्चा वाटतो, तासभर थांबावं लागतं. हे कुणी पाळत नाही.

१ मार्च: पाक

साखर २००, पाणी १००. १०५° ला एकतारी, ११२–११६° ला थंड पाण्यात मऊ गोळी. एक फेरी पूर्ण रवाळ झाली, भांड्याच्या कडेला राहिलेला साखरेचा एक कण पुरला. उकळी आल्यावर ढवळायचं नाही, कडा ओल्या ब्रशनं पुसायच्या, लिंबाचे पाच-सहा थेंब. बाकी काही विशेष नाही.

१५ मार्च: वीस माणसांचं जेवण

चार माणसांची कृती पाचानं गुणली. तीन ठिकाणी फसली.

भात. माणशी ८० ग्रॅम, एकूण १.६ किलो. एकास दोन धरून ३.२ लिटर पाणी, आणि खालचा भात गिच्च. १ फेब्रुवारीचा आकडा लावून पाहिला: तांदूळ पिणार २.२४ लिटर, मोठ्या पातेल्यातून वाफ जेमतेम २०० ग्रॅम. एकूण २.४४ लिटर, म्हणजे एकास दीड. दुसरी फेरी मोकळी झाली. पाणी पटीनं वाढत नाही, कारण वाफ पटीनं जात नाही.

कांदा. कांद्यात जवळपास नव्वद टक्के पाणी. अर्धा किलो रुंद कढईत ४२ मिनिटांत खरपूस. दोन किलो त्याच कढईत दोन तासांनीही पिवळट, कारण तो परतला जात नव्हता, स्वतःच्या पाण्यात उकडत होता. लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडलेली साखर आणि अमिनो आम्लांची ती तपकिरी क्रिया जोर धरते १४०° च्या आसपास, आणि पृष्ठभागावर पाणी असेतो तापमान १०० च्या वर चढत नाही. दोन कढया, प्रत्येकी एक किलो, ३० ग्रॅम तेल, ५ ग्रॅम मीठ. प्रत्येक कढईत उरलं २४० ग्रॅम. 'कांदा पाच मिनिटं तांबूस परता' ही ओळ ज्या कुणी पहिल्यांदा लिहिली त्यानं कांदा परतला नसावा.

मीठ. हातानं टाकलं तेव्हा कमी पडलं. मूठ पाचपट मोठी होत नाही. रश्शाच्या एकूण वजनाच्या ०.९ टक्के धरून ८० टक्के आधी, उरलेलं चव घेऊन.

१६ मार्च

उरलेला भात. रात्रभर पातेल्यात तसाच ठेवायची सवय पानावरून काढली. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. पसरट ताटात तीन सेंटिमीटरचा थर, तासाभरात थंडीत. पातेल्यात दाबून ठेवलेल्या दोन किलो भाताचा मध्य तीन तासांनी ४८° होता, काट्यासारखाच थर्मामीटरही कधीकधी भीती घालतो.

२९ मार्च: मऊ ताट

वय वाढलं की वास मंदावतो, आणि चव म्हणतो त्यात वासाचा वाटा मोठा. मग हात मिठाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तीन फेऱ्या करून पाहिल्या: मीठ एक चतुर्थांश कमी, त्याऐवजी लिंबू शेवटी, कांदा नीट खरपूस, आणि थोडं मीठ शिजताना न घालता वाढताना वरून. जिभेला थेट लागलेलं मीठ जास्त खारट वाटतं, रक्कम कमी असली तरी.

गिळताना ठसका लागत असेल तर 'मऊ' हा शब्द पुरत नाही. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापनात ० ते ७ पायऱ्या आहेत. पाचवी पायरी म्हणजे ओलसर, बारीक केलेलं, प्रौढांसाठी तुकडा ४ मिमीपर्यंत, साधारण काट्या-चमच्यातल्या काट्याच्या दोन दातांमधली फट. सहावी १५ मिमी. कुणाला कोणती पायरी हे तपासणाऱ्यानं ठरवायचं. पानावर फक्त ती घरी कशी गाठायची तेवढं. फसतं ते दोन ठिकाणी: पातळ पाण्यातले घट्ट तुकडे (सूप आणि दाणे एकत्र) आणि तोंडात सुटा होणारा मोकळा भात. भात दाट रश्शात कालवून, मग दाबून.

१२ एप्रिल: परकी चाचणी

या घरात कधी न जेवलेल्या दोघांना पानं दिली, तोंडी काही सांगायचं नाही. दही आणि राजमा जमले. पाव एकाचा जमला. दुसऱ्यानं पिठाचं तापमान मोजलंच नाही, कारण ती ओळ घटकांच्या यादीनंतर दुसऱ्या पानावर गेली होती. हिशेब आता सगळ्यात वर. पेज दोघांची जाड, दोघांनीही दाटपणा पातेल्यातच पाहिला, तरी ते लिहिलेलं होतं. वाक्य बदललं: 'पातेल्यात पाण्यासारखी दिसते तेव्हा उतरवा.'

कांद्याच्या पानावर 'मध्यम आच' राहून गेलं होतं. एकाकडे गॅस, एकाकडे इंडक्शन. एकाचा करपला, एकाचा ५५ मिनिटांनी झाला. आचेचा शब्द काढून खुणा घातल्या: १० मिनिटांनी पाणी सुटून चरचर थांबलेली असावी, २० ला चरचर परत सुरू, तिथून दर दोन मिनिटांनी खरवडायचं, तळ काळा दिसला की दोन चमचे पाणी.

मिठाचा डबा जाड मिठाचा आहे की बारीक, ते अजून तीन पानांवर लिहायचं राहिलं आहे. पाकाची एक फेरी दमट दिवशी घ्यायची आहे.